भुकेचे माप : सातारा-सांगली प्रदेशातील अन्नटंचाईच्या मोजणीचा इतिहास

दारिद्र्य आणि भूक हे शब्द आपल्याकडे जोडीनेच उच्चारले जातात, आणि जोडीने उच्चारले जाणारे शब्द ही एकाच वस्तूची दोन नावे असावीत अशी समजूत सहज होऊन बसते. अर्थशास्त्रीय लेखनही ह्या समजुतीपासून सर्वस्वी मुक्त नाही. उपाशी माणसे मोजावयाची तर दरिद्री माणसे मोजावी, आणि दरिद्री माणसे मोजावयाची तर त्यांच्या ताटातील अन्न मोजावे, असा हा परस्परांवर उसनवार चालणारा व्यवहार आहे. ह्या व्यवहाराचा इतिहास एका मर्यादित प्रदेशापुरता पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे. त्यासाठी कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातील सातारा व सांगली हे जिल्हे निवडले आहेत, ते केवळ सोयीसाठी नव्हे. गेल्या दीडशे वर्षांत भूक मोजण्याची जी साधने देशात वापरली गेली, त्यांतील बहुतेकांशी ह्या प्रदेशाचा संबंध आला. आणि विशेष असे की, ह्या साधनांविषयी ज्यांनी मूलगामी वाद घातला ते डॉ. पां. वा. सुखात्मे व प्रा. वि. म. दांडेकर हे दोघेही जन्माने सातारा जिल्ह्याचेच.

प्रदेशाची ठेवण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर माण तालुक्यात तोच पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. कऱ्हाड-वाळव्याकडील नदीकाठची काळी जमीन आणि माण, खटाव, आटपाडी, कवठे महांकाळ, जत ह्या पूर्वेकडील तालुक्यांतील उघडे माळ ह्यांची सरासरी काढली तर जी संख्या हाती येते, ती कोणत्याच गावाची नसते. राज्यव्यवस्थेनेही ह्यात भर घातली. १८४८ साली सातारचे राज्य खालसा होऊन इंग्रजी अंमल आला खरा, परंतु आटपाडी औंध संस्थानात राहिली, जत ही निराळी जहागीर राहिली, आणि सांगली-मिरज पटवर्धनांकडे राहिली. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा बनविण्यात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. तेव्हा जुन्या सरकारी आकड्यांतील ‘सातारा जिल्हा’ म्हणजे आजच्या दोन जिल्ह्यांचा केवळ काही भाग होय, हे विसरून चालणार नाही.

सरकारी मोजणी सुरू होण्यापूर्वी भुकेचे माप घराघरात होतेच. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली, पायली ही ती परिभाषा. कणगीत किती पायल्या उरल्या आणि पुढील सुगीस किती महिने आहेत, ह्या दोन गोष्टींचा मेळ घालणे हे गृहिणीचे नित्याचे गणित होते. मेळ बसत नसेल तर काय काय सोडावयाचे ह्याचाही क्रम ठरलेला असे. प्रथम जेवणातील कालवण जाई व भाकरीबरोबर मीठ-मिरची उरे. मग भाकरीच्या जागी कण्या येत. कण्यांच्या जागी आंबील किंवा हुलग्याचे माडगे येई. मग रानातील पालाभाजी. मग शेजारघरचा पसाकुडता. आणि शेवटी वाढीदिढीने आणलेले धान्य, म्हणजे मणास सव्वा किंवा दीड मण परत करण्याच्या बोलीवर सावकाराकडून घेतलेले. ही उतरंड वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे शास्त्रज्ञांना ती नव्याने शोधावी लागली.

सरकारदरबारी भूक मोजण्याचा प्रश्न निकडीने उभा राहिला तो १८७६-७७ च्या दुष्काळात. पाऊस फसला, दख्खनच्या पूर्वेकडील पट्ट्यात पिके गेली आणि दुष्काळी कामे काढावी लागली. कामावर येणाऱ्यास मजुरी किती द्यावी, हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न होता तो असा की, माणूस जिवंत राहून काम करू शकेल असे अन्न म्हणजे किती. हिंदुस्थान सरकारने दुष्काळी प्रदेशाच्या पाहणीसाठी पाठविलेले सर रिचर्ड टेंपल ह्यांनी जानेवारी १८७७ मध्ये ह्याचे उत्तर दिले. पुरुष मजुरास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत व वर किरकोळ पैसे, हे ते उत्तर. आकडा कोठून आला? प्रयोगातून नव्हे. तो काटकसरीच्या धोरणातून आला व मागाहून पुरेसा ठरविण्यात आला. मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश ह्यांनी त्यास शरीरशास्त्राच्या आधारे कडक हरकत घेतली, आणि त्या इलाख्यात ते माप काही महिन्यांतच वाढवावे लागले. त्याच वर्षी टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर होऊन आले, ही योगायोगाची गोष्ट नमूद करून पुढे जाऊ.

मुंबई इलाख्यात जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. मजुरी उतरविताच हजारो मजूर कामे सोडून गेले. सरकारी पक्षाने ह्याचा अर्थ असा लाविला की, ज्यास खरोखर भूक आहे तो कमी मजुरीवरही येईल. जो निघून जातो त्याच्या घरी काहीतरी असलेच पाहिजे. पुणे सार्वजनिक सभेने ह्याच्या नेमका उलट अर्थ लाविला. सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हे साताऱ्यास १८२८ मध्ये जन्मलेले. त्यांनी, न्या. रानडे व इतर सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त मागविले, ते संकलित केले आणि दुष्काळाची निवेदने म्हणून सरकारकडे धाडली. पिकांची स्थिती, धान्याचे भाव, गुरांची विक्री, गाव सोडून गेलेली माणसे, असा मजकूर त्यांत असे. भूक मोजण्याचा तो शास्त्रीय प्रयत्न होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि ज्याच्यावर प्रसंग आला आहे त्याच्या बाजूने केलेली अशी पद्धतशीर नोंद ह्या भागात त्यापूर्वी झाल्याचे दिसत नाही. एकाच घटनेतून, म्हणजे मजुरांच्या निघून जाण्यातून, दोन पक्षांनी दोन विरुद्ध अनुमाने काढली, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. मोजणाऱ्यास काय टाळावयाचे आहे त्यावर मापाचा अर्थ ठरतो, ह्याचे हे पहिले ठळक उदाहरण.

दुष्काळानंतर नेमलेल्या स्ट्रेची कमिशनने १८८० साली अहवाल दिला आणि १८८३ पासून दुष्काळसंहिता तयार झाल्या. त्यांत एक उपाय सांगितला होता तो चाचणी-कामांचा. एखाद्या भागात संकट खरे आहे की नाही असा संशय असेल तर तेथे खडी फोडण्याचे वा माती टाकण्याचे काम काढावे, मजुरी पोटापुरतीच ठेवावी, आणि किती माणसे येतात ते पाहावे. माणसे लोटली तर संकट खरे. ह्या पद्धतीचा कठोरपणा उघड आहे. आधीच क्षीण झालेल्या देहाला आपली क्षीणता सिद्ध करण्यासाठी श्रम करावयास लाविणे, म्हणजे आजाऱ्याची परीक्षा त्यास धावावयास लावून घेण्यासारखे आहे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, आजारी ह्यांस ही परीक्षा देताच येत नसे. त्यांच्यासाठी फुकट मदतीची निराळी तरतूद करावी लागे. असे असूनही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ह्या मापात पहिले पाऊल उपाशी माणूस टाकीत होता. तो आला म्हणजे तो मोजला गेला. पुढे आलेल्या कित्येक सुधारलेल्या मापांत त्यास एवढाही वाव राहिला नाही.

त्या मानाने आणेवारी हे माप माणसाकडे पाहतच नव्हते. सामान्य वर्षाचे पीक सोळा आणे धरावयाचे आणि यंदाचे पीक त्यातील किती आणे आले ह्याचा अंदाज महसुली कामगारांनी नजरेने करावयाचा. मुंबई इलाख्यात चार आण्यांखाली पीक गेले तर सारा सर्वस्वी तहकूब, चार ते सहा आण्यांत निम्मा, असा सर्वसाधारण नियम होता. पुढे दशमान पद्धतीत आणेवारीची पैसेवारी झाली व पन्नास पैशांची रेषा रूढ झाली. मूळ हेतू जमीनमहसुलाचा, म्हणजे सरकारास किती मिळेल हे ठरविण्याचा. परंतु गाव टंचाईग्रस्त ठरते की नाही तेही ह्याच मापावर अवलंबून राहू लागले. ज्याच्या नावे जमीनच नाही त्याची आणेवारी कोणी काढावयाची? पीक पन्नास पैशांवर आले आणि मजुरास काम मिळाले नाही, अथवा भाव चढून त्याच्या मजुरीत निम्मेच धान्य येऊ लागले, तर त्याची भूक ह्या मापात कोठेच उमटत नाही. अनेक तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या पैसेवारीवरून जी भांडणे झाली त्यांच्या मुळाशी हेच आहे. एका विषयाचे माप दुसऱ्या विषयास लाविले गेले होते. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ-संहितेने पर्जन्य, पिकांची हिरवाई, जमिनीतील ओल असे निर्देशक पुढे आणून पैसेवारीचे वर्चस्व कमी केले; पण तेही निर्देशक आकाशाचे, जमिनीचे व पिकाचे आहेत, घरातील चुलीचे नव्हेत.

आणेवारीच्या नजर-अंदाजास शास्त्रीय पर्याय शोधणाऱ्यांत अग्रभागी होते ते डॉ. सुखात्मे. खटाव तालुक्यातील बुध ह्या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या सुखात्म्यांनी लंडनला संख्याशास्त्राचा उच्च अभ्यास केला आणि १९४० पासून भारतीय कृषि संशोधन परिषदेत काम केले. डॉ. वि. गो. पानसे ह्यांच्यासमवेत त्यांनी यदृच्छ नमुना पद्धतीने पीककापणीचे प्रयोग रूढ केले. शेतातील ठराविक मापाचा तुकडा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडावयाचा, त्यातील पीक कापून, मळून, वजन करावयाचे व त्यावरून तालुक्याचे उत्पन्न काढावयाचे. तुकड्याचे आकारमान किती असावे ह्यावर त्यांचा व प्रा. महालनोबिसांचा वाद संख्याशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पावसाच्या छायेतील तालुक्यात जन्मलेल्या माणसास पिकाचा अंदाज नजरेने करणे पुरेसे वाटू नये, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु असली अनुमाने चरित्रकारांसाठी सोडून देणे बरे.

पिकाकडून घराकडे वळण्याचा प्रयत्न मात्र संख्याशास्त्रज्ञांच्या आधीच सुरू झाला होता. दादाभाई नवरोजींनी १८७६ साली मुंबईस वाचलेल्या निबंधात परदेशी पाठविल्या जाणाऱ्या मजुरांचा शिधा प्रमाण धरून, १८६७-६८ च्या भावांनी माणसाच्या केवळ निर्वाहास वर्षाकाठी १६ ते ३५ रुपये लागतात असा हिशेब मांडला, आणि सरासरी उत्पन्न त्या मानाने अपुरे पडते हे दाखविले. दारिद्र्य मोजण्यासाठी अन्नाची टोपली हे माप ह्या देशात प्रथम त्यांनी वापरले. डॉ. हॅरोल्ड मान ह्यांनी पुणे जिल्ह्यातील पिंपळे सौदागर व जातेगाव बुद्रुक ह्या गावांच्या पाहणीत कुटुंबांचे तीन वर्ग केले : जमिनीवर भागणारी, जमीन व बाहेरचे काम मिळून भागणारी, आणि दोन्ही मिळूनही न भागणारी. तिसरा वर्ग सर्वांत मोठा निघाला. आमच्या प्रदेशापुरते पाहता, प्रा. धनंजयराव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाई तालुक्यातील शेतीधंद्याची केलेली पाहणी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४० साली प्रसिद्ध केली. तीत शेतीचा हिशेब धंदा म्हणून बारकाईने मांडलेला आहे. शेती धंदा म्हणून तोट्यात असतानाही घर चालते ते कशावर, हा त्यातून उद्भवणारा प्रश्न. आणि सातारकडील वाचकास त्याचे उत्तर ठाऊक होते. ते उत्तर मुंबईच्या गिरणगावातून मनीऑर्डरीने येत असे.

ह्याच गोखले संस्थेतून १९७१ मध्ये प्रा. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ ह्यांचा भारतातील दारिद्र्यावरील प्रबंध बाहेर पडला. दांडेकरांचा जन्म १९२० सालचा, सातारचा. प्रबंधाची पद्धती थोडक्यात अशी. माणशी दररोज सरासरी २,२५० उष्मांक मिळावेत अशी किमान अपेक्षा धरली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांत खर्चाच्या कोणत्या पातळीवरील कुटुंबांना एवढे उष्मांक मिळतात ते पाहिले. १९६०-६१ च्या भावांनी ती पातळी ग्रामीण भागात माणशी दरमहा सुमारे १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये निघाली. तिच्याखाली ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक होते. अन्नाचे माप खर्चात रूपांतरित झाले, आणि एकदा रूपांतर झाल्यावर भाव वाढतील तसतशी रेषा वर सरकविणे एवढेच काम उरले. १९७९ च्या तज्ज्ञगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० व शहरांसाठी २,१०० उष्मांक धरून तीच पद्धत सरकारी केली.

दांडेकर-रथांनी ह्या दारिद्र्यावर उपाय सुचविला तो सार्वजनिक कामांचा. त्याच सुमारास, किंबहुना त्याच्या थोडे आधी, सांगली जिल्ह्यात ह्याच विचाराची प्रत्यक्ष चाचणी झालेली होती. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापती होते. त्यांच्या आग्रहाने १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग करण्यात आला. योजना राज्य पातळीवर १९७२ मध्ये आली आणि लगेच दुष्काळात बुडून गेली. कारण १९७० ते ७३ च्या अवर्षणात रोजगाराची हमी व दुष्काळी काम ह्यांत भेदच उरला नाही. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती. सातारा-सांगलीच्या पूर्व भागातील आज सत्तरीच्या पलीकडे गेलेल्या माणसांच्या बोलण्यात बहात्तरचा दुष्काळ अजूनही येतो तो सुकडी, तांबडी मिलो आणि खडीचे ढीग ह्यांच्या आठवणीने. पिकाच्या मापाने पाहिले असते तर त्या वर्षी महाराष्ट्रात फार मोठा मनुष्यसंहार व्हावयास हवा होता. तो झाला नाही. धान्याची एकूण उपलब्धता अतिशय घटली असूनही मजुरीच्या रूपाने खरेदीची शक्ती वाटली गेली, आणि असलेली तूट अधिक घरांत विभागली गेली.

पुढे १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, आणि २००५ साली देशव्यापी कायद्यात त्याचे तत्त्व उतरले. ह्यास इतिहासाच्या दृष्टीने विलक्षण महत्त्व आहे. १८८३ च्या संहितेतील चाचणी-काम आणि हमीचे काम ही दिसावयास एकच : तीच खडी, तोच माळ, तेच ऊन. पण पहिल्यात सरकार माणसाची परीक्षा घेत होते, दुसऱ्यात माणूस सरकारास वचनाची आठवण देत होता. कोण गरजू हे ठरविण्यासाठी तलाठ्याचा दाखला नको, उत्पन्नाचा आकडा नको. जो कामाची मागणी करील तो गरजू. तथापि ह्याही मापास रेषा होतीच. मूळ योजनेत निदान ५० मजुरांची मागणी असल्याखेरीज नवे काम काढीत नसत. लहान वाडीवर एकूणपन्नास माणसे कामाविना बसली तर ती त्या कागदावर मागणी ठरत नव्हती. आणि ज्या घरात काम करणारा हातच नाही, त्या घराची भूक ह्या मापास १८८३ प्रमाणेच दिसत नव्हती.

आता सुखात्मे-दांडेकर वादाकडे वळू. सुखात्मे १९५१ पासून १९७० पर्यंत संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. जगातील दोन-तृतीयांश लोक भुकेले आहेत, असे विधान त्या काळी सर्रास केले जाई. १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल संख्याशास्त्र संस्थेपुढे वाचलेल्या निबंधात सुखात्म्यांनी ते तपासले, आणि जगातील १० ते १५ टक्के लोक उष्मांकांच्या दृष्टीने अर्धपोटी आहेत, व निकृष्ट आहाराचे लोक त्यांत मिळविले तर संख्या निम्म्यापर्यंत जाते, असा अंदाज दिला. संघटनेची अल्पपोषणाची मोजणी पुढे ह्याच पायावर उभी राहिली. पुण्यास परतल्यावर त्यांनी आपले शस्त्र दारिद्र्यरेषेवर चालविले. त्यांचे म्हणणे असे. २,२५० वा २,४०० हा आकडा सरासरी गरजेचा आहे. निरोगी माणसांतही निम्म्यांची गरज सरासरीपेक्षा कमी असावयाचीच. इतकेच नव्हे, तर एकाच माणसाचा आहार आठवड्या-आठवड्यास कमीजास्त होतो आणि शरीर त्यास आपला खर्च जुळवून घेते. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण-विचलने वजा केल्यावर जी पातळी येते, तिच्याही खाली जो सतत राहतो तोच उपाशी. ह्या हिशेबाने उपाशी ठरणाऱ्यांची संख्या एकदम खाली येत होती.

ह्यावर १९८१-८२ च्या सुमारास मुंबईच्या अर्थशास्त्रीय साप्ताहिकाच्या पानांतून जी चकमक झडली, ती मराठी माणसाने मराठी माणसाशी इंग्रजीत घातलेल्या उत्तम वादांपैकी एक होय. दांडेकरांच्या पक्षाचे उत्तर दुहेरी होते. एक तर, व्यक्तीव्यक्तींतील व दिवसादिवसांतील फरक कुटुंबाच्या सरासरीत बव्हंशी विरून जातात. पाच-सहा माणसांचे घर महिनाभर सरासरीखाली राहते ते शरीराच्या लवचिकतेमुळे नव्हे, धान्याच्या अभावामुळे. दुसरे असे की, दारिद्र्यरेषा ही भुकेची रेषा नव्हेच. उष्मांकांचा आधार घेऊन एक खर्चाची पातळी ठरविली आहे, एवढेच. तिच्याखाली असणारा प्रत्येक जण अर्धपोटी आहे असा दावा तीत नाही. आमच्या मते हे दुसरे उत्तर अधिक खोल जाते. कारण ते मान्य केले तर दोन्ही पक्ष काही अंशी निरनिराळ्या गोष्टी मोजीत होते असे ठरते. सुखात्मे देह मोजीत होते, दांडेकर पैसा मोजीत होते. गरजेच्या सरासरीखाली असूनही कामधाम करून नीट जगणारा माणूस असू शकतो, हे सुखात्म्यांचे म्हणणे खोटे नाही. पण तो काय सोडून तसे जगतो, हे त्यांचे माप सांगत नाही. कमी खाऊन भागविणे हे आंबिलीवर दिवस काढण्यानेही साधते आणि शेतमजुरीचे काम निम्म्यावर आणण्यानेही साधते. डॉ. गोपालन आदी पोषणतज्ज्ञांनी लवचिकतेच्या सिद्धान्तास हरकत घेतली ती ह्याच मुद्द्यावर : शरीर जुळवून घेते खरे, पण त्या जुळवणीची किंमत वाढ खुंटण्यात व श्रमशक्ती घटण्यात मोजावी लागते.

सुखात्म्यांच्या पक्षी एक गोष्ट अवश्य सांगितली पाहिजे, ती म्हणजे अस्वच्छ पाण्याकडे व हगवणीसारख्या रोगांकडे त्यांनी वेधलेले लक्ष. खाल्लेले अन्न अंगी लागत नसेल तर नुसते धान्य वाढवून काय होणार, हा त्यांचा प्रश्न होता. दारिद्र्याच्या मोजणीत पाण्याचा हिशेब नव्हता.

देह व पैसा ह्यांच्या मापांत फारकत पडते, ह्याचा प्रत्यय पुढच्या काळात आला. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील माणशी उष्मांक १९८३ मध्ये २,२४० होते, ते २००४-०५ मध्ये २,०४७ पर्यंत उतरले. ह्याच काळात खर्चाने मोजलेले दारिद्र्य मात्र घटत होते. दरम्यान १९८३ पासून ह्याच पाहणीत कुटुंबाला एक साधा प्रश्नही विचारण्यात येऊ लागला होता, की घरातील सर्वांना दोन वेळ पोटभर मिळते काय. ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे प्रमाणही उतरत गेले. अर्थात पैशाच्या मापाने दारिद्र्य कमी, तोंडच्या उत्तराने भूक कमी, आणि उष्मांकांनी पाहावे तर उपासमार वाढलेली. अंगमेहनत कमी झाली म्हणून गरज कमी झाली, असे कोणी म्हणतात. औषधपाणी, शिक्षण, प्रवास ह्यांचा खर्च वाढून अन्नाचा पैसा तिकडे गेला, असे दुसरे म्हणतात. आमच्या प्रदेशात दोन्ही गोष्टी शेजारच्या दोन घरांत एकाच वेळी खऱ्या असू शकतात. २००९ च्या तेंडुलकर समितीने तर रेषेस उष्मांकांशी बांधण्याचेच सोडून दिले. महाराष्ट्रात १९९९ पासूनच्या तीनरंगी शिधापत्रिकांत पिवळी पत्रिका वार्षिक १५,००० रुपयांपर्यंतच्या उत्पन्नास असे. हाही पैशाचाच निकष. मजुरी करणाऱ्याचे उत्पन्न किती हे कोणत्या कागदावरून ठरवावे, हे त्या नियमाने सांगितलेले नाही.

नमुना पाहणीतील एक बारीक दोष ह्या ठिकाणी सांगावासा वाटतो. सालगड्यास मालकाच्या घरी मिळणारी भाकरी मालकाच्या घरच्या अन्नात धरली जाते. परिणामी मालकाचे घर आहे त्यापेक्षा अधिक खाणारे व गड्याचे घर आहे त्यापेक्षा कमी खाणारे दिसते. पोट एकाचे, नोंद दुसऱ्याची.

अन्न मोजण्याऐवजी अन्नाविषयीचा अनुभव विचारावा, ही पद्धत अलीकडील. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात कॅथी रॅडिमर ह्यांनी न्यूयॉर्क राज्यातील गरीब स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या व त्यांच्या बोलण्यातून १९९० मध्ये प्रश्न तयार केले. त्यावरून १९९५ पासून अमेरिकेत सरकारी मोजणी होऊ लागली. पुढे गरीब देशांसाठी मागील चार आठवड्यांविषयीची नऊ प्रश्नांची, आणि अन्न व कृषि संघटनेची आठ प्रश्नांची प्रश्नावली आली. आठ प्रश्नांचा क्रम पाहण्यासारखा आहे : पुरेल की नाही ह्याची चिंता वाटली काय, पौष्टिक अन्न मिळाले नाही काय, एकाच प्रकारचे खावे लागले काय, एखादे जेवण टाळावे लागले काय, हवे त्यापेक्षा कमी खाल्ले काय, घरातील अन्न संपले काय, भूक असून खाल्ले नाही काय, सबंध दिवस उपाशी काढला काय. कणगीतील पायल्या मोजणाऱ्या गृहिणीची जी उतरंड आरंभी सांगितली, तीच ही, फक्त पायऱ्यांची नावे निराळी. भूक चिंतेपासून सुरू होते आणि पोटापर्यंत शेवटी पोचते, हे तिला ठाऊक होते. दारिद्र्यरेषेच्या वर असलेली, पण मृगाचे नक्षत्र कोरडे जाताच भाकरीचा आकार लहान करणारी कुटुंबे ह्या मापात प्रथमच दिसू लागतात. आणि रेषेखाली असूनही २०१३ च्या कायद्याने मिळणाऱ्या माणशी पाच किलो धान्यामुळे ज्यांची निदान शेवटची पायरी टळते, अशीही.

परंतु हे माप सातारा-सांगलीत जसेच्या तसे लाविता येईल असे नाही. चार आठवड्यांचा प्रश्न फाल्गुनात, शाळू घरात आल्यावर, विचारला तर एक उत्तर येईल आणि श्रावणात विचारला तर दुसरे. जत वा माण तालुक्यातील ऊसतोडीस जाणारे कुटुंब दिवाळीनंतर कारखान्याच्या तळावर असते. त्याच्या गावी पाहणी करणाऱ्यास दाराला कुलूप आढळते, आणि कुलपाची नोंद ‘कुटुंब हजर नाही’ अशी होते. उत्तर कोण देतो हाही प्रश्न आहे. घरधन्यास विचारले तर अन्न पुरले असेच तो सांगणार, कारण त्याच्या पानात ते पुरलेले असते. घरात सर्वांच्या मागून जेवणारी बाई भांड्याच्या तळाशी काय उरले ते जाणते. तिलाही परक्यासमोर ‘आम्ही उपाशी राहिलो’ असे म्हणावयास लाज वाटते. ‘एखादे जेवण टाळावे लागले काय’ ह्या प्रश्नास अशा वेळी उत्तर मिळते, की ‘त्या दिवशी उपास होता’. सोमवार, एकादशी, चतुर्थी ह्यांतील कोणता तरी दिवस जवळपास असतोच, आणि पाहणी करणारा ‘धार्मिक उपवास’ असे लिहून पुढे जातो. म्हणून ह्या प्रश्नास जोडून आणखी एक प्रश्न विचारणे इष्ट वाटते : त्या दिवशी फराळाला घरात शेंगदाणे, शाबूदाणा, भगर ह्यांपैकी काही होते काय.